गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स बिघाड व अतितापन : निदान

गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप, तिची मेमरी, तिला वीज पुरवणारे मंडल आणि शीतनयोजना यांपैकी दोष नेमका कशात आहे, हे ठरविण्याची पद्धत. गेम अडखळणे, स्क्रीन काळी पडणे, रंगीत ठिपके वा पट्टे उमटणे, लॅपटॉप अचानक बंद होणे ही नेहमीची लक्षणे. मात्र यांतले प्रत्येक लक्षण तीन-चार निरनिराळ्या कारणांनी येऊ शकते. तापमानाचा नुसता आकडा फार थोडे सांगतो. ते किती वेळात चढले, कोठे थबकले आणि भार काढल्यावर कसे उतरले, हे पाहिले तर दोषाची जागा बहुधा लॅपटॉप न उघडताच कळते.

डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड काढून दुसरे लावून पाहता येते. लॅपटॉपमध्ये ती सोय क्वचितच असते, कारण चिप मदरबोर्डवर झाळलेली असते. शिवाय बहुतेक रचनांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्यावरून त्याच तांब्याच्या हीट पाइप जातात. त्यामुळे प्रोसेसर तापला की ग्राफिक्स चिपही तापते आणि दोष तिच्या माथी मारला जातो.

हीट पाइप म्हणजे निर्वात करून बंद केलेली, आत सच्छिद्र अस्तर व थोडे पाणी असलेली तांब्याची नळी. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, पंख्याकडच्या टोकाला ती पुन्हा द्रवरूप होते आणि अस्तरातून केशाकर्षणाने परत येते. तिच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी मतभेद आहेत. जनरल मोटर्समधील रिचर्ड गॉग्लर यांनी १९४२ मध्ये केशाकर्षणावर चालणाऱ्या अशा साधनाच्या पेटंटसाठी अर्ज केला व १९४४ मध्ये ते मिळाले. पण त्याचा वापर झाला नाही. १९६३ च्या सुमारास लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी स्वतंत्रपणे ती बनवली, ‘हीट पाइप’ हे नाव रूढ केले आणि १९६४ मध्ये सहकाऱ्यांसह निष्कर्ष प्रसिद्ध केले. कल्पनेचे अग्रक्रमत्व गॉग्लर यांच्याकडे जाते. चालणारे साधन म्हणून मात्र ग्रोव्हर यांचे काम धरणेच अधिक युक्त दिसते. लॅपटॉपमध्ये ती साधारणतः १९९० च्या दशकात आली.

तापमानाच्या मर्यादा : ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या अनेक लॅपटॉप चिपांचे लक्ष्य-तापमान ८७° से. च्या आसपास असते. ते गाठले की चिप आपला वेग सुमारे १५ मेगाहर्ट्‌झच्या पायऱ्यांनी उतरवू लागते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. प्रोसेसरांची मर्यादा यापेक्षा वरची, बहुधा ९५° ते १०५° से. असते. म्हणून गेम चालू असताना ग्राफिक्स चिप ८० ते ८५ अंशांवर स्थिर असेल आणि वेग टिकून असेल, तर तो दोष नव्हे. ७५ अंशांवरच वेग कोसळत असेल, तर तो मात्र दोष आहे, आणि बहुधा उष्णतेचा नाही.

चढ-उतार वाचणे : एचडब्ल्यूइन्फो या तापमान व वेग नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदीचे अंतर मूळच्या २ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणावे. दहा मिनिटे काही न चालवता, मग २० ते ३० मिनिटे भाराखाली आणि शेवटी पाच मिनिटे भार काढून, अशी सलग नोंद घ्यावी. फरमार्कसारखी ग्राफिक्स चिप ताणून पाहणारी चाचणी चिपवर अनैसर्गिक भार टाकते. नेहमी जिथे त्रास होतो तो गेमच यासाठी बरा. भार येताच पाच-दहा सेकंदांत तापमान ८५ च्या पुढे उडाले आणि भार काढताच तितक्याच झटक्याने खाली आले, तर चिपची उष्णता तिच्यावर टेकलेल्या, हीट पाइपला जोडलेल्या धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचतच नाही : या दोहोंमधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट संपली आहे किंवा पट्टी नीट बसलेली नाही. तेच तापमान आठ-दहा मिनिटांत सावकाश चढले आणि उतरतानाही रेंगाळले, तर उष्णता पट्टीत येते पण बाहेर जात नाही : पंख्यापुढची, उष्णता हवेत सोडणारी तांब्याची पाती तुंबली आहेत, पंखा मंदावला आहे किंवा खालची झरोक्यांची बाजू झाकली गेली आहे. आणखी एक खूण म्हणजे हॉटस्पॉट (चिपवरील सर्वांत तापलेली जागा) आणि सरासरी तापमान यांतील फरक. तो १० ते १५ अंशांपर्यंत स्वाभाविक असतो. २५ च्या पुढे गेल्यास पेस्ट एका बाजूने सरकली असल्याची शंका घ्यावी.

पंखा बाहेरून स्वच्छ दिसतो, यावर विसंबू नये. धूळ पंख्यावर नव्हे, तर पंखा आणि तांब्याची पाती यांमधल्या फटीत, पात्यांच्या आतल्या तोंडावर बसते. उघडल्यावर तिथे नमद्यासारखा राखाडी पट्टा दिसतो आणि चिमट्याने धरला तर अख्खा निघून येतो. बाहेरून हवा मारली तर तोच पट्टा सुटून आत पंख्यात अडकतो. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, नाहीतर तो अतिवेगाने फिरून बेअरिंग खराब होते.

पेस्ट बदलणे : लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉप प्रोसेसरसारखे धातूचे झाकण नसते, पट्टी उघड्या सिलिकॉनवर टेकते. तापता-निवताना पट्टी व चिप किंचित हलतात आणि पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. पट्टी उचलल्यावर मधोमध आरशासारखा कोरडा ठिपका आणि चहूकडे साचलेली कड दिसते ती यामुळेच. आधी बॅटरीचा कनेक्टर काढावा. पट्टीवर छापलेल्या क्रमांकांच्या उलट क्रमाने स्क्रू थोडे थोडे सैल करावेत. ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी पेस्ट चिपच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पातळ पसरावी. इथे मधला एक ठिपका पुरत नाही. पेस्टऐवजी लावायचा, सुमारे ४५° से. ला मऊ होणारा फेज-चेंज पॅड असा सहज ढकलला जात नाही, म्हणून लॅपटॉपसाठी तो जास्त टिकाऊ. पेस्टच्या जागी वापरला जाणारा गॅलियमयुक्त द्रवधातू ॲल्युमिनियम पोखरतो आणि ओघळला तर शॉर्ट करतो. सराव नसलेल्याने तो वापरू नये.

सर्वांत जास्त घोळ मेमरीवरच्या थर्मल पॅडने, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ चकतीने, होतो. १ मिमी. ऐवजी १.५ मिमी. चा पॅड लावला की पट्टी मेमरीवर टेकून उचलली जाते आणि मुख्य चिपवर फट राहते. ‘सर्व्हिसिंगनंतर जास्तच तापतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. जुन्या पॅडची जाडी त्याच्या न दबलेल्या कडेवर मोजावी.

उष्णता नसलेली कारणे : जीपीयू-झेड या ग्राफिक्स चिपची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेग कशाने अडला आहे त्याची ओळ असते. तिथे ‘थर्मल’ऐवजी ‘पॉवर’ दिसले तर पेस्ट बदलून काहीही साधणार नाही. अनेकदा तो आखून दिलेल्या वॅट-मर्यादेचाच परिणाम असतो, पण कमी वॅटचा अडॅप्टर लावला असेल किंवा लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल, तर ग्राफिक्स चिपला अर्धीही वीज मिळत नाही. अडॅप्टर ओळखला गेला नाही तर काही लॅपटॉपांत प्रोसेसर ४०० ते ८०० मेगाहर्ट्‌झवर अडकून पडतो आणि दोष मात्र ग्राफिक्सला लागतो.

स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येत असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधावी. विस्टापासून विंडोज ग्राफिक्स चिपला उत्तरासाठी २ सेकंद देते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करते. अशा वेळी सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर काढून लॅपटॉपच्या निर्मात्याने दिलेला घालावा. त्यानंतरही डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ (दोषामुळे साधन थांबवल्याचा संदेश) येत राहिला तर दोष चिपचा असण्याची शक्यता वाढते. ठिपके-पट्टे दिसत असल्यास बाहेरचा मॉनिटर जोडावा. केवळ लॅपटॉपच्याच स्क्रीनवर दिसले तर पॅनेल किंवा त्याची केबल तपासावी. दोन्हींवर आणि तेही फक्त गेममध्ये दिसले तर ग्राफिक्सची मेमरी वा चिप. ज्या लॅपटॉपांत डेस्कटॉपचे चित्र प्रोसेसरमधील ग्राफिक्स काढते, तिथे डेस्कटॉप स्वच्छ दिसतो म्हणून मुख्य चिप निर्दोष ठरत नाही.

चिप निकामी होण्याचे कारण : याविषयीचा वाद मुख्यतः २००६ ते २००८ च्या पिढीतील लॅपटॉपांवरून झाला. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने काही लॅपटॉप चिपांतील कमकुवत डाय (सिलिकॉनचा तुकडा) व पॅकेजिंग साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. दुरुस्ती करणाऱ्यांत रूढ असलेले मत असे, की १ जुलै २००६ पासून युरोपात शिशाच्या वापरावर निर्बंध आल्यानंतरचे शिसेविरहित झाळण ठिसूळ असल्याने चिपला बोर्डाशी जोडणारे झाळणाचे गोळे तडकतात. म्हणून गोळे काढून नवे बसवावेत, म्हणजे रिबॉलिंग करावे. दुसरे मत असे, की तडा या मोठ्या गोळ्यांना नव्हे, तर पॅकेजच्या आत सिलिकॉन आणि सबस्ट्रेट (त्याच्या खालचा पाया) यांना जोडणाऱ्या झाळणाच्या सूक्ष्म उंचवट्यांना, म्हणजे बंपांना, जातो. सिलिकॉन दर अंशाला दहा लाखांत सुमारे ३ भाग प्रसरण पावते, तर खालचा सबस्ट्रेट १५ ते १७ भाग. हा ताण बंपांभोवतीच्या अंडरफिल रेझिनने सोसायचा असतो; ते चिपच्या नेहमीच्या तापमानालाच मऊ पडत असेल तर ताण बंपांवर येतो आणि प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर तडा वाढतो. हे दुसरे मत पुराव्याशी जास्त जुळते. चिपला हॉट एअरने शिसेविरहित गोळे वितळण्याच्या २१७° से. पेक्षा बरीच कमी उष्णता दिली तरी ती काही दिवस चालू होते, याचा उलगडा गोळ्यांच्या मताने होत नाही. त्यामुळे हॉट एअरने चिप ‘जिवंत’ झाली, तर ती दुरुस्ती नसून चिपच दोषी असल्याचा पुरावा समजावा, मिळालेल्या काळात डेटा काढून घ्यावा आणि चिप वा मदरबोर्ड बदलावा.

वीजमंडलातील मॉसफेट (वीज नियंत्रित करणारा ट्रान्झिस्टर) किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्यास लॅपटॉप बटण दाबताच बंद होतो किंवा चालूच होत नाही. मंडल-आलेखाशिवाय (बोर्डवरील जोडण्यांच्या आकृतीशिवाय) हा शोध पुढे जात नाही. नवी चिप बसविली तरी तुंबलेली पाती आणि चुकीच्या जाडीचे पॅड तसेच ठेवू नयेत. तिचा पहिला तापमान-वक्र पुन्हा नोंदवून जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी हाताशी राहते.