आभासी कपड्यांचे डिझाइन चोरीला गेल्यास : तक्रारीची पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

'सेकंड लाइफ' या ऑनलाइन आभासी जगात अवतारांचे (वापरकर्त्यांच्या आभासी पात्रांचे) कपडे विकणाऱ्या सोलापूरच्या डिझायनरला स्वतःचे डिझाइन दुसऱ्याच्या दुकानात दिसले, तर तक्रार ते जग चालवणाऱ्या लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीकडे, तेथील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार करावी लागते. गैरवर्तनाचा नेहमीचा रिपोर्ट यासाठी उपयोगाचा नाही.

तक्रार कॉपीराइटचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधीच करू शकतो. कारखान्यात पगारावर असताना कामाचा भाग म्हणून काढलेले डिझाइन, वेगळा करार नसल्यास, भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कारखानदाराचे ठरते; त्यामुळे दिवसा जॅकार्ड मागावरच्या विणकामाची डिझाइन करून रात्री तीच आभासी घागऱ्यावर चढवणाऱ्यांनी आधी हे तपासावे. तसेच सोलापुरी चादरीवरची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी कोणा एकाची नसते. त्यावरून तुम्ही स्वतः जे नवे रचले असेल, तेवढ्यावरच तुमचा हक्क चालतो.

नोंदणी सक्तीची नाही. हक्क निर्मितीबरोबरच मिळतो आणि भारत व अमेरिका दोघेही बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट कराराचे सदस्य असल्याने तो तिकडेही मानला जातो. तरीही भारतात नोंदणी हवी असल्यास कॉपीराइट कार्यालयाचा फॉर्म १४ ऑनलाइन भरावा. कलाकृतीचे शुल्क ५०० रुपये, तर मालावर किंवा सेवांसाठी वापरता येणाऱ्या कलाकृतीचे २,००० रुपये असून तिच्यासाठी ट्रेडमार्क कार्यालयाचे प्रमाणपत्रही लागते. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते.

माझ्या मते पुरावा म्हणून खरे वजन मूळ फाइलचे असते. लेयर सुटे असलेली, तारखेसह जपलेली फाइल चोराकडे नसते. तुमच्या टेक्स्चरमध्ये (कपड्यावर चढवलेल्या चित्रात) डाव्या शिवणीजवळ चुकून राहिलेला जांभळा ठिपका त्याच्या मालावरही त्याच जागी असेल, तर दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी जोडावेत. वस्तूवर दिसणाऱ्या निर्मात्याच्या नावावर मात्र विसंबू नये, कारण नक्कल पुन्हा अपलोड केली की तेथे चोराचेच नाव येते.

लिंडन लॅबकडच्या तक्रार अर्जात मूळ कलाकृतीचे वर्णन, नकलेचे नेमके ठिकाण (दुकानाचा पत्ता किंवा मार्केटप्लेसवरील लिंक), तुमचा संपर्क, हा वापर विनापरवाना असल्याची तुमची प्रामाणिक समजूत, माहिती अचूक असल्याचे व तक्रारीचा अधिकार असल्याचे विधान आणि सही हवी. अधिकाराबाबतचे विधान शपथेच्या तोडीचे असते. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास भरपाई अंगावर येऊ शकते.

कंपनीने माल हटवल्यावर समोरच्याने प्रतिसूचना (माल चुकून हटवला गेल्याचे उत्तर) दिली आणि तुम्ही दावा दाखल केल्याचे कंपनीला कळवले नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत तो माल पुन्हा लावला जातो. चोर भारतातला असल्यास भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे तुम्ही राहता तेथील, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातच दावा लावता येतो.