जेवणानंतर दुधाळ होणारं रक्त

रक्तपेढीत रक्ताची पिशवी यंत्रात फिरवली की लाल पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा राहतो. अधूनमधून मात्र तो पातळ दुधासारखा पांढुरका निघतो. दात्याला बहुतेक वेळा काही आजार नसतो. स्वारी दणकून जेवून आलेली असते. त्यातली चरबीच रक्तात तरंगताना दिसते.

तेलातुपातली बहुतेक मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, लांब साखळीची असतात. आतड्याच्या पेशी त्यांचे पुन्हा ट्रायग्लिसराइड (चरबीचे रेणू) बनवतात, वर प्रथिनं चढवतात आणि सूक्ष्म गोळे वळतात, ते कायलोमायक्रॉन. हे गोळे लसिकावाहिन्यांतून, म्हणजे रक्तवाहिन्यांहून वेगळ्या नळ्यांतून, वर चढून डाव्या खांद्याजवळच्या मोठ्या शिरेत उतरतात. साखरेला आधी यकृताच्या दारात हजेरी लावावी लागते. चरबी वळसा घालून थेट रक्तात.

ट्रायग्लिसराइडची ही लाट जेवणानंतर ३-४ तासांनी शिगेला पोचते आणि ओसरायला ६-८ तास घेते. आता आपला दिवस बघा: सकाळी पोहे, दुपारी जेवण, पाचला चहा-फरसाण, रात्री पुन्हा जेवण. पहिली लाट ओसरायच्या आत दुसरी हजर. उपाशीपोटी काढलेला रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट म्हणजे पहाटेच्या शांत समुद्राचा फोटो! संशोधक डोनाल्ड झिल्व्हर्स्मिट यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की अर्धवट पचलेल्या कायलोमायक्रॉनचे अवशेष धमनीच्या भिंतीत रुतून तिथे कोलेस्टेरॉल टाकतात.

मग तूप वाईट आणि गोडेतेल चांगलं? एका जेवणापुरतं बघितलं तर चित्र इतकं सरळ नाही. अनेक प्रयोगांत तेवढ्याच लोण्याने तेलापेक्षा मोठी लाट उठवलेली नाही. लाटेची उंची आधी ठरते ती किती चरबी खाल्ली यावर. प्रकाराचा हिशेब आठवड्यांनी लागतो: तूप-लोण्यातल्या संपृक्त चरबीने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढतं, तर बांगडा-तारलीतलं ओमेगा-३ नियमित आणि पुरेसं पोटात गेलं तर यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं आणि लाटही बुटकी होते. जवसातलं ओमेगा-३ वेगळं. शरीर त्यातलं थोडंच माशातल्या प्रकारात बदलतं. चटणी खा, पण तिला बांगडा समजू नका.

दाहाचं (इन्फ्लमेशनचं) प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. चरबीयुक्त जेवणानंतर काही पांढऱ्या पेशी सावध होतात, आयएल-६ हा दाहाचा निरोप्या वाढतो. एक कारण आतड्यातल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन. कायलोमायक्रॉनसोबत तेही रक्तात शिरतात. अमेरिकेतल्या आयोवात २० निरोगी माणसांवरच्या एका प्रयोगात खोबरेल तेलाच्या जेवणानंतर एंडोटॉक्सिन वाढलं, माशाच्या तेलाने घटलं. पण माणसं फक्त वीस, आणि एकाच जेवणाची गोष्ट. दाहासाठी नेहमी तपासलं जाणारं सीआरपी हे रक्तातलं प्रथिन तर इतक्या तासांत सहसा हलतही नाही. त्यामुळे ‘दाह शमवणारं तेल’ असं बाटलीवर लिहिलेलं दिसलं की मी तरी बाटली परत ठेवतो.

एक गोष्ट मात्र वारंवार दिसली आहे. आदल्या संध्याकाळी तासभर झपझप चाललेल्या माणसाच्या रक्तात दुसऱ्या दिवशीची लाट कमी उसळते. ट्रायग्लिसराइड फोडणारं विकर (एन्झाइम) स्नायूंमध्ये व्यायामानंतर काही तासांनी जोमात येतं आणि तो जोम सकाळच्या नाश्त्यापर्यंत टिकलेला असतो.