बारा की पंधरा? सोयाबीनच्या ओलाव्याच्या वादाची पार्श्वभूमी

हमीभावाची खरेदी केंद्रे उघडली की दर हंगामात एकाच कारणावरून माल परत जातो. ओलावा. निकष १२ टक्क्यांचा, आणि परतीच्या पावसात सापडलेले, मळणीनंतर ताडपत्रीखाली पडलेले सोयाबीन पहिल्या काही आठवड्यांत त्यात बसता बसत नाही. मालाची प्रत आकड्यात लिहिली की वाद मिटतो, असे करार लिहिणाऱ्यांना वाटते. शेतमालाच्या व्यवहाराचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. आकडा ठरल्यावर खरा प्रश्न उरतो तो मोजायचा कोणी, कुठे आणि कशाने.

याची सुरुवात कापसापासून झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसाला विलायतेत अचानक मागणी आली. त्याबरोबर पाणी मारलेल्या, सरकी-माती मिसळलेल्या गाठींच्या तक्रारीही वाढल्या. १८६३ मध्ये मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध कडक कायदा झाला, म्हणजे मालात भेसळ करणे हा फौजदारी गुन्हा ठरला. सौदे तेव्हा गावाच्या नावाने होत. हिंगणघाट, उमरावती (अमरावती), धोलेरा म्हटले की धाग्याचा अंदाज यायचा. वऱ्हाडात १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. काटा, तोलारी, दलाली यांना त्याने शिस्त लावली. प्रत ठरवणे मात्र घेणाऱ्याच्या हातातच राहिले.

१९३० च्या मालविक्री कायद्याने वर्णनावरून विक्री आणि नमुन्यावरून विक्री यांचे नियम घालून दिले. माल नमुन्याशी जुळला पाहिजे, घेणाऱ्याला तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे, वरवर पाहून न कळणारा दोष त्यात असता कामा नये. गिरणी आणि व्यापारी यांच्यातल्या लेखी करारासाठी हे उत्तम आहे. ट्रॉलीतल्या मालात हात घालून भाव पुकारला जातो तिथे लेखी करार नसतो, आणि नमुना कोणत्या थरातून काढला याची नोंदही नसते.

सोयाबीन महाराष्ट्रात पसरले ते तेलगिरण्यांबरोबर, त्यामुळे त्याची प्रतही गिरणीच्या सोयीने ठरली. व्यापारात १०-२-२ हे सूत्र रूढ आहे: ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २ टक्के, डागी म्हणजे खराब दाणे २ टक्के. त्यापेक्षा जास्त भरले तर भावातून कापायचे. सरकारी खरेदीचा निकष १२ टक्क्यांचा, म्हणजे कागदावर अधिक सैल. फरक असा की गिरणी साडेबारा टक्क्यांचा माल पैसे कापून घेते आणि खरेदी केंद्र तो परत पाठवते.

ही कोंडी २०२४ मध्ये टोकाला गेली. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात दर त्याच्या शेकडो रुपये खाली. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. त्याआधी जेमतेम आठवडाभर केंद्र सरकारने त्या हंगामापुरती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली आणि जादा ओलाव्याचा भार राज्याने सोसावा अशी अट घातली. निवडणुकीसाठीचा निर्णय म्हणून त्यावर टीका झाली, आणि मुहूर्त पाहता ती होणारच होती. पण मुहूर्त बाजूला ठेवून हिशेब पाहावा. १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये ८५ किलो कोरडा माल असतो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळवला तर ९६.६ किलो भरतो. घट सुमारे ३.४ किलो, म्हणजे हमीभावाने क्विंटलमागे १६७ रुपये. एवढ्यासाठी शेतकरी केंद्रावरून परत जात होता आणि बाहेर त्याहून कितीतरी जास्त तोटा खाऊन विकत होता.

कापसाच्या सरकारी खरेदीत हा प्रश्न आधीच सुटलेला आहे. तिथे ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात होते आणि त्यावरचा माल घेत नाहीत. २०२४-२५ च्या ७,५२१ रुपये भावाला १२ टक्क्यांचा कापूस सुमारे ३०० रुपये कमी घेऊन विकला जायचा, पण विकला जायचा. सोयाबीनलाही हीच पद्धत लावता आली असती. त्याऐवजी सीमारेषा तेवढी तीन टक्के पुढे सरकली. सव्वापंधरा टक्क्यांचा माल घेऊन आलेल्याची गत पूर्वी साडेबारावाल्याची होती तीच झाली. माझ्या मते या निर्णयातली खरी उणीव हीच होती, आणि चर्चा मात्र मुहूर्ताचीच झाली.

मोजायचे कोणी, या प्रश्नाला कायद्याने एकदा हात घातला होता. २०२० च्या तीन कृषी कायद्यांपैकी कराराच्या शेतीच्या कायद्यात प्रत, दर्जा, मानके करारात लिहिण्याची आणि पीक उभे असताना किंवा माल देताना त्रयस्थ परीक्षकाकडून तपासून घेण्याची तरतूद होती. वाद मात्र दिवाणी न्यायालयात नेता येणार नव्हता, तो प्रांताधिकाऱ्यांपुढे जायचा. त्यालाही विरोध झाला, आणि तो रास्त होता. जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती मिळाली, वर्षअखेरीस तिन्ही रद्द झाले. त्यांच्याबरोबर त्रयस्थ तपासणीची ती तरतूदही गेली.

केंद्रावर ओलावा आजही हातातल्या छोट्या यंत्रावर पाहतात. मूठभर दाणे यंत्राच्या कपामध्ये टाकायचे, झाकण फिरवायचे, आकडा वाचायचा. पोत्याच्या वरच्या दाण्यांचा आणि तळच्या दाण्यांचा आकडा सारखा येत नाही. उन्हात ठेवलेले यंत्र आणि सावलीतले यंत्रही एकच आकडा दाखवील याची खात्री नसते. काट्यावर सरकारी छाप असतो, शेतकरी तो मागून पाहू शकतो. ओलावामापकाबाबत तसे काही मागायची सोयच नव्हती. २०२५ मध्ये वजनमापाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि शासनमान्य चाचणी केंद्रांनी पडताळायच्या उपकरणांच्या यादीत ओलावामापक आला. कारंज्याचा बाजार सुरू झाल्याला तेव्हा १३९ वर्षे झाली होती.