खाऱ्या हवेतला मदरबोर्ड

पावसाळा लागला की रत्नागिरी, गुहागर, मालवणच्या किनाऱ्यावर तापमान ३० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ८० टक्के हे रोजचंच होतं. अशा हवेचा दवबिंदू २६ अंश सेल्सिअस येतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेली कोणतीही वस्तू या हवेत आणली की तिच्यावर पाणी धरणारच. एसी २२ वर लावलेल्या खोलीतला मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात ती मुख्य पाटी, बाहेर आणून पडवीत लगेच उघडला, तर प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिनांवर आणि रॅमच्या खाचांमध्ये दव धरतं. ते इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून बोर्ड जिथे बसवायचा त्या खोलीत खोका आधी दोन-तीन तास तसाच ठेवावा आणि आतली चंदेरी पिशवी तोवर उघडू नये. बोर्ड खोलीइतका गरम झाला की दव धरायचा प्रश्नच उरत नाही.

बोर्डाबरोबर येणारी पुस्तिका कुठली वायर कुठे लावायची ते नीट सांगते. हवा कशी असावी, जमीन कशी असावी, याबद्दल तिच्यात फार तर एखादी ओळ असते. कोकणात मदरबोर्ड बसवताना आणि वापरताना स्क्रू आणि वायरींइतकंच लक्ष मीठ, ओल आणि अर्थिंगकडे द्यावं लागतं. इथे बोर्ड आधी यांच्यामुळे बिघडतो, वयाने नंतर.

मिठापासून सुरुवात करू. लाट फुटते तेव्हा तिच्यातले असंख्य बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात. त्यातलं पाणी वाऱ्यात उडून जातं आणि मिठाचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. किनाऱ्यापासून आत जावं तसं त्यांचं प्रमाण झपाट्याने कमी होतं. त्यामुळे हर्णै बंदरालगतच्या घरातला संगणकाचा कॅबिनेट आणि वर दापोलीतला कॅबिनेट यांचे स्क्रू एकाच वेगाने गंजत नाहीत. कोरडा मिठाचा कण फारसा उपद्रवी नसतो. पण आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. स्वयंपाकघरातलं मीठ पावसाळ्यात पाणावतं ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागतं. आपल्या किनाऱ्यावर इतकी कोरडी हवा क्वचितच असते, म्हणून बोर्डावर बसलेला मिठाचा थर पुरता सुकत नाही.

या खारट ओलीला व्होल्टेजची जोड मिळाली की खरी झीज सुरू होते. मदरबोर्डवर १२ व्होल्टची रेष आणि शेजारचा ग्राउंड यांत कित्येक ठिकाणी मिलिमीटरभरही अंतर नसतं. मध्ये खारट पाण्याचा पातळ पापुद्रा आला की धन बाजूचा धातू विरघळतो, त्याचे आयन ऋण बाजूकडे सरकतात आणि तिथे पुन्हा धातू होऊन साचतात. हा साठा फांद्या फुटत फुटत उलट धन बाजूकडे वाढत जातो. चांदी यात सर्वांत पुढे, पण तांबं आणि सोल्डरमधलं कथीलही मागे राहत नाहीत. फांदी पलीकडे पोचली की शॉर्ट. गंमत नव्हे, मोठी डोकेदुखी ही की ती फांदी इतकी नाजूक असते की शॉर्टच्या करंटने स्वतःच जळून जाते आणि बोर्ड पुन्हा चालू होतो. ‘पावसात बंद पडतो, ऊन पडलं की चालतो’ ही किनाऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानांत ऐकू येणारी तक्रार उगाच नसते.

मीठ, ओल आणि व्होल्टेज तिन्ही एकत्र असतील तरच हे घडतं. यातलं मीठ पूर्ण टाळता येत नाही. पण बाकीच्या दोघांची गाठ पडू न देणं आपल्या हातात आहे. समजा बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता आहे. संगणक चालू असताना कॅबिनेटमधली हवा ३६ अंशांपर्यंत गेली, तर तेवढीच वाफ असूनही आतली सापेक्ष आर्द्रता ५७ टक्क्यांवर येते आणि खारट पापुद्रा बराच आटतो. म्हणजे चालू संगणक स्वतःला कोरडा ठेवतो. धोका आहे तो शटडाउन करून भिंतीवरचं बटण मात्र चालूच ठेवण्यात. त्या वेळी बोर्ड थंड आणि ओला असतो, पण एसएमपीएसकडून, म्हणजे घरातल्या विजेचे बोर्डाला लागणारे कमी व्होल्ट करणाऱ्या कॅबिनेटमधल्या डब्याकडून, स्टँडबायचे ५ व्होल्ट त्याला मिळतच राहतात. बोर्डावरचा बारीक दिवा रात्रभर पेटलेला दिसतो तो त्यामुळेच. म्हणून आषाढ-श्रावणात संगणक रोज तासभर तरी चालवावा आणि काम झालं की शटडाउन करून बटण भिंतीवरच बंद करावं. घड्याळ आणि तारीख बोर्डावरच्या ३ व्होल्टच्या सीआर२०३२ सेलवर चालतात, त्यांचं काही बिघडत नाही.

गणपतीला गावचं घर उघडणाऱ्या चाकरमान्यांनी हे जास्त जपावं. जूनपासून बंद घरात पडलेला संगणक आल्या आल्या चालू करणं म्हणजे पावसाळाभर ओल प्यालेल्या बोर्डावर एकदम सगळे व्होल्ट सोडणं. त्याआधी कॅबिनेट उघडून आत जुन्या पद्धतीचा ६० वॉटचा बल्ब थोडा लांब ठेवून दिवसभर ऊब द्यावी. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, कारण हवी आहे ती उष्णताच.

आता अर्थिंग. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हा अनुभव कोकणातल्या जुन्या घरांत सर्रास येतो आणि लोक तो चालवून घेतात. तो चालवून घेऊ नये. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटपर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटपर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा करंट निमूट जमिनीत जातो. ते नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या मध्ये लटकतो आणि २३० व्होल्टच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतो. करंट मिलिअँपिअरहूनही कमी, म्हणून माणूस बचावतो. पण त्याच अवस्थेत टीव्हीची एचडीएमआय केबल किंवा प्रिंटरची यूएसबी लावली, की दोन उपकरणांमधला हा फरक केबलच्या वाटेने उतरतो आणि मदरबोर्डवरची पोर्टची चिप जाते.

आपल्याकडे अर्थिंग नीट मिळणं अवघड आहे त्याचं कारण पायाखालीच आहे. जांभ्याचा दगड सच्छिद्र. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खाली जातं आणि मार्च ते मे या काळात वरचा थर खडखडीत कोरडा पडतो. कोरड्या जमिनीचा रोध वाढतो, त्यामुळे ऑगस्टमध्ये उत्तम वाटलेलं अर्थिंग वैशाखात नावापुरतं उरतं. खड्डा ओल लागेपर्यंत खोल घ्यावा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी सोडत राहावं. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायची जुनी रीत रोध कमी करते हे खरं, पण तेच मीठ जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी (जीआय) पाइपही खातं, तेव्हा दर काही वर्षांनी पाइप आणि त्याचा जोड तपासायलाच हवा.

घरच्या घरी पहिली परीक्षा मल्टिमीटरने होते. मीटर एसी व्होल्टवर ठेवून फेज-न्यूट्रल, मग फेज-अर्थ मोजावं. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पक्कं माप मात्र वायरमनकडच्या अर्थ टेस्टरनेच मिळतं. आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो: थ्री-पिनच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ तारेच्या तुकड्याने जोडून ‘अर्थिंग केलं’ असं कोणी म्हणालं तर ते ताबडतोब काढून टाका. न्यूट्रल कुठेही तुटला की त्या तारेतून कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि ते जीव घेतात.

बोर्ड बसवायला लाकडी टेबल घ्यावं आणि बोर्ड स्वतःच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. चंदेरी पिशवीवर ठेवून तो चालू करून पाहू नये, कारण पिशवीच्या पृष्ठभागावरून वीज वाहू शकते. दमट हवेत स्थिर विद्युत कमी साठते, ही कोकणाची एक जमेची बाजू. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत चढू शकतात, तिथे ६५ टक्क्यांहून जास्त आर्द्रतेत हाच आकडा १,५०० च्या आसपास राहतो. तरी निर्धास्त होता येत नाही. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतच नाही आणि नाजूक चिपला काहीशे व्होल्टही पुरतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे वाहतात तेव्हा तर हवा आणखी कोरडी असते. अर्थिंग असलेल्या कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून हात लावत काम करावं, किंवा मनगटाला पट्टा बांधावा. पट्ट्यात १ मेगाओमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे भार हळूहळू उतरतो आणि चुकून फेजला हात लागला तरी करंट मर्यादेत राहतो.

घामाचं भान याहून जास्त ठेवावं. घामातही मीठच असतं. बोर्ड कडांनी धरावा, सोनेरी पट्ट्यांना आणि सोल्डरला बोट लावू नये, शेजारी कोरडा नॅपकीन असू द्यावा.

प्रोसेसर, रॅम आणि कूलर बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच लावलेले बरे. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये १,७०० आणि एएमडीच्या एएम५ मध्ये १,७१८ केसासारख्या बारीक पिना असतात. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला की तो आपल्याच वजनाने बसतो, दाबायचा नसतो. इतक्या पिना लागतात कारण बोर्ड १२ व्होल्टचे साधारण १.२ व्होल्ट करतो आणि त्या कमी दाबावर मोठ्या प्रोसेसरला १०० अँपिअरहून जास्त करंट लागू शकतो. तो एका पिनेतून नेणं शक्यच नाही. प्रोसेसर बसेपर्यंत सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण काढू नये.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावाव्यात. बहुतेक बोर्डांत सिग्नलची वाट त्या खाचांपाशी संपते. आधीच्या खाचांत रॅम लावली तर पुढचा रिकामा तुकडा सिग्नलला प्रतिध्वनी देत राहतो आणि वेग टिकत नाही. रॅम चालेना की तिची पट्टी खोडरबराने घासायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. ती सोडायला हवी. पट्टीवरचं सोनं फार तर मायक्रॉनभर जाड असतं, कित्येकदा त्याहून पातळ. रबर ते खरवडतो, खालचं निकेल आणि तांबं उघडं पडतं आणि खारी हवा तिथूनच शिरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड यांनी तेच काम नुकसान न होता होतं.

बाकीचं झटपट होतं. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ चा चौरस, आणि दोन्हींची भोकं ठरलेली. ज्या जागी भोक आहे तिथेच पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला पत्र्यापासून उचलून धरणारा छोटा खांब, लावायचा. भोक नसलेल्या जागी राहिलेला एक स्टँडऑफही बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. स्क्रू बोटांच्या जोराने बसतील तेवढेच आवळावेत. मग २४ पिनांची मोठी केबल, प्रोसेसरची ८ पिनांची, आणि पुढच्या बटणांच्या बारीक वायरी. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्याची चालत नाही.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. बोर्ड त्या वेळात रॅमशी सिग्नलचं वेळापत्रक जुळवत असतो. घाबरून मध्येच बंद करू नये. बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतील तर अडलेल्या पायरीचा दिवा पेटून राहतो.

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये, तारीख-वेळ आणि रॅमचा वेग लावून झाला की गेलेली वीज परत आल्यावर काय करायचं हे ठरवणारा पर्याय शोधावा आणि तो ‘बंद राहा’ यावर ठेवावा. आपल्याकडे वादळी पावसात वीज एकदा येऊन थांबत नाही. ती येते, झपकते, जाते, पुन्हा येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, तोही काळ आठवावा. संगणक आपोआप चालू होणारा असेल तर प्रत्येक झटका त्याला झेलावा लागतो. बायोस अपडेट तर यूपीएसशिवाय करूच नये. चिप पुसून नवी लिहिली जात असताना वीज गेली तर बोर्ड पुढे उठतच नाही, बिघडलेला बायोस पेन ड्राइव्हवरून पुन्हा भरणारं फ्लॅशबॅकचं बटण असलेले बोर्ड सोडले तर. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि लॅन केबलही काढावी, कारण विजेचा लोट राउटरमधून त्या तांब्याच्या तारेनेही येतो.

कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, लादीवर न ठेवता स्टँडवर, भिंतीपासून थोडा सोडून असावा. मागच्या रिकाम्या खाचांच्या पट्ट्या न विसरता लावाव्यात, नाहीतर एसएमपीएसच्या उबेला पाली येतात. ऑक्टोबरात पाऊस उघडला की एकदा बाजूचा पत्रा काढून बोर्ड नीट न्याहाळावा. कुठे हिरवट ठिपका दिसला तर ते तांब्याचं क्षार आहे. प्लग आणि सेल काढून तो भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करावा आणि पुरता सुकेपर्यंत सेल परत बसवू नये.