धरण बघायचं तर फुगवट्याची शेपटी बघा

नाशिकला पाणी देणाऱ्या गंगापूर धरणावर गेलं की सगळे भिंतीपाशी नाहीतर बोट क्लबला थांबतात, पण मला विचाराल तर बघण्यासारखं आहे ते दुसऱ्या टोकाला, शेपटीकडे, जिथे त्र्यंबकच्या डोंगरातून, ब्रह्मगिरीवरून आलेली गोदावरी तलावात शिरते. उन्हाळ्यात फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साचून पसरलेलं पाणी, मागे सरकला की तिथे चालत जा. आधी पायाखाली गोटे आणि जाड वाळू लागते, मग बारीक वाळू, आणि पाण्याजवळ गेलात की चप्पल ओढून घेईल असा चिकट गाळ.

हे असं क्रमाने का लागतं? नदी वाहतेय तोवर तिच्यात वजन उचलायची ताकद असते, तलावात शिरली की वेग एकदम पडतो आणि मग जड ते आधी टाकते, हलकं पुढे नेते. घरी बघायचं असेल तर नदीकाठची मूठभर माती काचेच्या बरणीत पाणी घालून जोरात हलवा. वाळू काही सेकंदात तळाला बसते, पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच, कारण ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला साध्या स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीनेक दिवस लागतात.

म्हणून गाळ म्हणजे फक्त भिंतीपाशी, मृतसाठ्यात (तळाच्या, एरवी वापरता न येणाऱ्या पाण्यात) साचणारी गोष्ट हा समज अर्धाच खरा आहे, जाड माल शेपटीकडेच बसतो आणि तो आपला उपयुक्त, म्हणजे वापरता येणारा साठा खातो. यात वरचं जंगल फार महत्त्वाचं. झाडाच्या पानांवर पावसाचा थेंब फुटतो, पालापाचोळा पाणी मुरवतो, मुळं माती धरून ठेवतात. डोंगर बोडका झाला की तीच माती पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. त्र्यंबकच्या डोंगरांवर झाडं टिकणं हा मला म्हणूनच नाशिकच्या नळाच्या पाण्याचा प्रश्न वाटतो.

गाळाचं दुसरं रूप बघायचं तर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जा. तिथे गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला, मागे गाळ साचत गेला, बेटं झाली, उथळ पाण्यात पाणकणीस वाढलं, पक्षी आले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. अगदी हाच खेळ सायबेरियात बैकल सरोवरावर चालतो, फक्त अवाढव्य मापात. मंगोलियातून येणारी सेलेंगा नदी तिथे गाळ टाकून मोठा त्रिभुज प्रदेश करते, आणि तोही रामसर स्थळ आहे. पण बैकल १६४२ मीटर खोल, त्याला भरायला घाई नाही. आपले तलाव उथळ आहेत, गाळ लगेच दिसतो.

नांदूरला हिवाळ्यात सकाळी गेलात तर त्या बेटांच्या कडेला वारकरी पक्षी दिसतील, काळे, कपाळावर पांढरा टिळा, आणि गाळातल्या पाणवनस्पतींसाठी सारख्या बुड्या मारणारे.