तळव्यावरचा नकाशा आणि त्वचेतले मंदगती तंतू

बाळाच्या तळव्याचे एक रंगीत चित्र अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवरून घरोघर फिरत असते. अंगठ्यावर डोके, त्याखाली फुफ्फुसे, मधल्या खोलगट भागात पोट आणि आतडी अशी त्यावर शरीराची वाटणी केलेली असते आणि बाळ रडू लागले की नेमके कोठे दाबायचे, याची सूचना खाली छापलेली असते. सोबत 'प्राचीन शास्त्र' ही मोहोरही असतेच. रात्र रात्र जागलेल्या आईबापांनी असा तळवा दाबून पाहिला, तर त्यांना हसण्याचे काही कारण नाही; शिवाय पुष्कळदा बाळ खरोखरच शांत होते. प्रश्न एवढाच उरतो, की ते कशामुळे शांत होते.

या पद्धतीला रिफ्लेक्सॉलॉजी म्हणतात आणि तिचा आजचा नकाशा प्राचीन नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे पडतात आणि एका पट्ट्यातील एक जागा दाबली की दुसऱ्या जागेवर परिणाम होतो, अशी कल्पना त्यांनी १९१७ साली पुस्तकरूपाने मांडली. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी ही कल्पना तळव्यांवर आणून तिचे सविस्तर नकाशे काढले. शरीररचनाशास्त्रात मात्र या नकाशाला आधार सापडत नाही. तळव्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या चेता, म्हणजे नसा, कमरेच्या आणि त्याखालच्या त्रिकास्थी या हाडाच्या भागातून मज्जारज्जूत शिरतात, तर जठराकडून येणाऱ्या वेदनांच्या चेता बऱ्याच वर, छातीच्या भागात शिरतात. हृदयविकारात डावा हात दुखतो, हे उदाहरण नकाशाच्या बाजूने हमखास दिले जाते. तो हात दुखतो, कारण हृदय आणि हात यांच्या चेता मज्जारज्जूच्या शेजारशेजारच्या भागांत पोहोचतात. तळवा आणि जठर यांच्यात असा शेजार नाही.

नकाशा बाजूला ठेवला, तरी स्पर्श उरतोच, आणि स्पर्शाचे शरीरशास्त्र गेल्या काही दशकांत इतके बदलले आहे की त्यापुढे तो नकाशा अगदी फिका वाटतो.

शाळेत आपण त्वचेला एकच ज्ञानेंद्रिय मानतो. प्रत्यक्षात त्वचेतून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंचे अनेक प्रकार आहेत. हाताला लागलेली वस्तू खरखरीत आहे की गुळगुळीत, तिची कड कोठे आहे, ती घसरते आहे का, हे सांगणारे तंतू जाड असतात आणि त्यांच्याभोवती मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. या वेष्टनामुळे त्यांच्यातील संदेश सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास वेगाने धावतो. याउलट वेदना, खाज आणि उष्णता यांचे बरेचसे संदेश अतिशय बारीक, वेष्टन नसलेल्या 'सी' गटातील तंतूंमधून सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने जातात. पहिला संदेश राजधानी एक्स्प्रेसने निघाला, तर दुसरा बैलगाडीत बसला असे समजावे. बोटाला चटका बसल्यावर आधी स्पर्श कळतो आणि झोंबणारी वेदना क्षणभराने येते, त्यामागे हाच फरक असतो.

स्वीडनमधील शरीरशास्त्रज्ञ इंग्वे झॉटरमन यांना १९३९ साली मांजरांच्या त्वचेतील या मंद तंतूंपैकी काही तंतू वेगळेच वागताना दिसले. ते टोचल्यावरच उत्तेजित होत असे नव्हते. हलक्या स्पर्शालाही ते प्रतिसाद देत होते. माणसात असे काही नसावे असा समज त्यानंतर बराच काळ टिकून होता. पुढे १९६० च्या दशकात स्वीडनमध्येच जाग्या माणसाच्या चेतेत केसाइतकी बारीक टंगस्टनची सुई सरकवून एकेका तंतूचे विद्युत्संदेश नोंदवण्याचे तंत्र तयार झाले आणि त्या तंत्राने १९८० च्या दशकाच्या अखेरीस चेहऱ्याच्या व नंतर हाताच्या त्वचेत हे तंतू माणसातही सापडले. त्यांना आता सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात.

या तंतूंची आवड फार विशिष्ट आहे. मऊ ब्रश निरनिराळ्या वेगांनी हातावरून फिरवला, तर जाड तंतू ब्रशचा वेग वाढेल तसतसे अधिक संदेश पाठवतात. सी-टॅक्टाइल तंतूंचे तसे नाही. ब्रश फार सावकाश फिरला तर ते थोडेच संदेश पाठवतात आणि फार वेगाने फिरला तरीही थोडेच; सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या पट्ट्यात मात्र त्यांची गडबड सर्वांत जास्त असते. आलेख काढला तर तो उलट्या 'यू' अक्षरासारखा दिसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात याच वेगांचा स्पर्श किती सुखद वाटला, हेही विचारले गेले, आणि त्या उत्तरांचा आलेख तंतूंच्या आलेखाशी जुळला. पुढे २०१४ साली आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: स्पर्श करणारी वस्तू थंड किंवा ऊन न ठेवता साधारण ३२ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या त्वचेच्या नेहमीच्या तापमानाला ठेवली, की हे तंतू सर्वाधिक उत्तेजित होतात. वेग कुरवाळण्याचा आणि ऊब माणसाच्या हाताची, असा हा संवेदक आहे.

त्याचे संदेश मेंदूत कोठे जातात, याचा उलगडा एका दुर्मीळ आजारामुळे झाला. एका स्त्रीच्या शरीरातील जाड स्पर्शतंतू निकामी झाले होते, पण बारीक तंतू शाबूत होते. हातावरून ब्रश फिरवला तर तो कोणत्या दिशेने फिरला हे तिला सांगता येत नसे. काहीतरी अस्पष्ट आणि सुखद वाटते आहे, इतकेच ती सांगे. २००२ साली तिच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा स्पर्शाची जागा ओळखणाऱ्या भागात हालचाल दिसली नाही. इन्सुला या खोल दडलेल्या भागात ती दिसली. भूक, हृदयाची धडधड, शरीराची आतली अवस्था यांची जाणीव या भागाशी निगडित आहे. जाड तंतू बाहेरच्या वस्तूची बातमी देतात आणि हे बारीक तंतू आपले बरे चालले आहे की नाही ते सांगतात, असा अर्थ त्यातून निघतो. तो मला पटतो, जरी त्यातील बारकाव्यांवर संशोधकांत वाद आहेत.

आता मूळ चित्राकडे पाहू. सी-टॅक्टाइल तंतू केसाळ त्वचेत, म्हणजे बारीक लव असलेल्या पाठीवर, हातांवर, पोटऱ्यांवर आणि चेहऱ्यावर मुबलक असतात. तळहात आणि तळपाय यांच्या लव नसलेल्या त्वचेत ते फारच विरळ आहेत. रिफ्लेक्सॉलॉजीने बाळाला शांत करण्यासाठी निवडलेली जागा ही नेमकी या तंतूंच्या दुष्काळी भागातली आहे.

हे सारे प्रयोग मोठ्यांवरचे झाले. पण तान्ह्या बाळांवरचे पुरावेही आहेत. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०१८ साली असे दाखवले, की नवजात बाळाला टोचण्यापूर्वी सेकंदाला तीन सेंटिमीटर वेगाने हळुवार कुरवाळले, तर वेदनेला मेंदूकडून मिळणारा विद्युत् प्रतिसाद कमी होतो. हेच दहापट वेगाने केले तर होत नाही. नऊ महिन्यांच्या बाळांच्या हृदयाचे ठोकेही याच मध्यम वेगाच्या स्पर्शाने मंदावतात. आईबापांना हा वेग कोणी शिकवावा लागत नाही: बाळाला कुरवाळा असे सांगितले की ते आपोआप याच पट्ट्यात हात फिरवतात, आणि कृत्रिम हात पुढे ठेवला की त्यांचा वेग वाढतो.

दाबाचा परिणाम मात्र निराळा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीनदा पंधरा-पंधरा मिनिटे मालीश दिले, तेव्हा त्यांचे वजन इतर बाळांपेक्षा लवकर वाढले. पुढच्या अभ्यासांत त्यामागे मेंदूतून जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेचा आणि जठराच्या वाढलेल्या हालचालीचा भाग दिसला, आणि त्यासाठी अगदी हलका स्पर्श पुरत नाही, मध्यम दाब लागतो, असेही आढळले. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांबाबत मात्र उत्साह आवरावा लागतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात सहा महिन्यांखालील बाळांच्या मालीशीवरील ३४ अभ्यास तपासले गेले. त्यांतील बऱ्याच अभ्यासांचा दर्जा कच्चा होता आणि सरसकट शिफारस करण्याइतका आधार त्यांतून मिळाला नाही.

रिफ्लेक्सॉलॉजीच्या अभ्यासांची अडचण आणखी मोठी आहे. कॉलिक, म्हणजे निरोगी बाळाचे दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक चालणारे रडणे, साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोहोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत आपोआप ओसरते. आईबाप उपायांच्या मागे लागतात ते सहसा कळसाच्या वेळी, म्हणजे उतरण सुरू होण्याच्या बेतात. त्यामुळे तळव्यावरचा बिंदू, ग्राइप वॉटर आणि मीठ-मोहरी ओवाळून काढलेली दृष्ट या तिघांनाही सारखेच यश मिळते. दृष्ट काढल्याने बाळाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण मेळघाटासारख्या भागात पोट फुगले म्हणून तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके दिल्याच्या बातम्या आजही येतात, आणि तेथेही 'गुण आला' असेच सांगितले जाते. बिंदू खरा की स्पर्श खरा हे ठरवायचे तर एका गटाला नकाशातील जागी आणि दुसऱ्याला भलत्याच जागी, पण तितकाच वेळ आणि तितक्याच मायेने मालीश द्यावे लागते. असा नियंत्रण-गट नसलेल्या अभ्यासावरून नकाशाबद्दल काहीच म्हणता येत नाही.

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या मावशी तळव्याच्या नकाशावाचून हे काम करत आल्या आहेत. पसरलेल्या पायांवर बाळाला पालथे घेऊन खांद्यापासून कमरेपर्यंत सावकाश उतरणारा त्यांचा तेलकट, उबदार हात पाठीच्या लवयुक्त त्वचेवरून जातो, म्हणजे सी-टॅक्टाइल तंतूंच्या ऐन वस्तीतून. तेलाचाही काही भाग त्वचेतून आत जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील २००५ च्या अभ्यासात करडईच्या आणि खोबरेल तेलाने मालीश केलेल्या बाळांच्या रक्तातील मेदाम्लांचे प्रमाण त्या त्या तेलानुसार बदललेले आढळले. त्याच वर्षी मुंबईच्या शीव रुग्णालयातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने मालीश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. मोहरीच्या तेलाने मात्र त्वचेचा संरक्षक थर सावरायला उशीर होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

या परंपरेतील काही गोष्टी बंदच व्हायला हव्यात. नवजात बाळाची स्तनाग्रे पिळल्याने तेथे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते. नाकात घातलेले तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. मालीश दूध पाजल्यावर लगेच करू नये, आणि बाळाने अंग आक्रसले, मान फिरवली किंवा रडू लागले तर थांबावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप ३८ अंशांवर गेला, हिरवी उलटी झाली, शौचातून रक्त गेले किंवा दूध पिणे अचानक सुटले, तर हात पुसून बाळाला थेट डॉक्टरांकडे न्यावे.