अरबी आणि फारसी भाषांतील भेद

अरबी व फारसी या पश्चिम आशियातील दोन वेगळ्या कुळांच्या भाषा आहेत. लिपी जवळजवळ एकच आणि हजारो शब्द सामाईक, त्यामुळे त्या सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्या केवळ शेजारणी. अरबी ही हिब्रू, अरमाइक यांच्या सेमिटिक गोतातली. फारसी इंडो-युरोपीय कुळाच्या इराणी शाखेतली, म्हणजे संस्कृतची आणि लांबून मराठीचीही नातलग.

आकडे मोजले तरी हे कळते. फारसीत दो, चहार, पंज, हफ्त, हश्त, नोह, दह. अरबीत तेच इथ्नान, अर्बआ, खम्सा, सब्आ, थमानिया, तिस्आ, अशरा. मादर, पेदर, बरादर हे फारसी शब्द संस्कृत जाणणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाहीत. संस्कृतातल्या ‘स’च्या जागी इराणी भाषांत बहुधा ‘ह’ येतो. ‘सप्त’चे तिकडचे रूप ‘हफ्त’. त्यावरून हफ्ता, म्हणजे आठवडा, आणि तोच आपला कर्जाचा हप्ता.

सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि पुढे फारसी अरबी लिपीत लिहिली जाऊ लागली. अरबीची २८ अक्षरे फारसीला पुरेनात. प, च, ग आणि ‘टेलिव्हिजन’च्या इंग्रजी उच्चारातला ‘ज’ अशी चार जोडून ती ३२ झाली. अरबीत ‘प’च नसल्याने ‘पार्स’चे ‘फार्स’ झाले आणि इराण्यांनीही आपल्या भाषेला फारसी हेच नाव ठेवले. (दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाने पेप्सीच्या बाटलीवरची अरबी अक्षरे जुळवून वाचावीत: ‘बीब्सी’.) उलट अरबीतले घशातले आणि जड उच्चार फारसीने सपाट केले. अरबीत वेगवेगळी उच्चारली जाणारी तीन अक्षरे इराणी माणूस सरसकट ‘स’ म्हणतो, आणखी चार अक्षरे ‘जर’मधल्या ‘ज’सारखी. लेखन मात्र मूळचेच ठेवल्यामुळे शुद्धलेखनाची डोकेदुखी तिथल्या शाळकरी मुलांच्या वाट्याला आली.

खरा फरक शब्द घडवण्याच्या रीतीत आहे. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि बदल त्याच्या पोटात होतो. ज-म-अ म्हणजे गोळा करणे. त्यावरून जमा, जमात, शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाचा जुम्मा आणि जामा मशिदीतला ‘जामा’. अनेकवचनही असेच आतून मोडून होते. ‘हाल’चे अनेकवचन अहवाल, ‘खबर’चे अखबार, ‘अमीर’चे उमरा, म्हणजे आपले उमराव. ‘अहवाल सादर केला’ असे लिहिणारा कारकून नकळत अरबी अनेकवचन वापरत असतो.

फारसीचा शब्द आतून हलत नाही. तिथे मागेपुढे जोडकाम चालते. -दार, -खाना, -नवीस, बे-, ना- ही तिची हत्यारे, आणि ती अरबी शब्दांनाही खुशाल लागतात. फौज अरबी, दार फारसी. दवा अरबी, खाना फारसी. शिवकालीन पदांत हा सांधा उघडा दिसतो. पेशवा आणि डबीर निव्वळ फारसी. मुजुमदारात वरचाच ज-म-अ धातू, पुढे ‘दार’. वाकनीस म्हणजे ‘वाकिआ’ (घडलेली गोष्ट) लिहिणारा नवीस. पारसनीस हे आडनाव तर फारसी पत्रव्यवहार पाहणाऱ्याचेच.

अरबी शब्द मराठीत आले तेही मुख्यतः फारसीच्या दारातून. त्याचा पुरावा म्हणजे एक ‘ज’. अरबीत एक जड ‘द’ आहे, ज्याचा फारसीत ‘ज’ होतो. कर्ज, अर्ज, मर्जी, जामीन, हजर या सगळ्यांत अरब माणूस तो ‘द’ म्हणेल; तो ‘रमदान’ म्हणतो, आपण रमजान. सरळ अरबस्तानातून आले असते तर हे शब्द ‘ज’ घेऊन आले नसते.

व्याकरणात तर दोन टोके. अरबीत पुल्लिंग-स्त्रीलिंग क्रियापदापर्यंत पोहोचते आणि संस्कृतसारखे द्विवचनही आहे. फारसीत लिंगभेद नाहीच. ‘ऊ आमद’ म्हणजे तो आला किंवा ती आली, संदर्भाने ओळखायचे. मराठीची तीन लिंगे सांभाळणाऱ्याला याचा हेवा वाटावा. अभिजात अरबी वाक्य बहुधा क्रियापदाने उघडते. फारसीत क्रियापद मराठीसारखे शेवटी: ‘मन केताब रा खान्दम’, मी पुस्तक वाचले. अरबीला ‘अल्’ हे निश्चयदर्शक उपपद आहे, फारसीत त्याच्या तोडीचे काही नाही.

अरबी वीसहून अधिक देशांची राजभाषा आहे, पण पुस्तकी ‘फुसहा’ आणि बोली यांत अंतर इतके की मोरोक्कोच्या माणसाची घरची बोली इराकी माणसाला सहज कळत नाही. फारसी इराणमध्ये फारसी, अफगाणिस्तानात दरी, ताजिकिस्तानात ताजिक या नावाने चालते, आणि ताजिक तर रशियनसारख्या सिरिलिक लिपीत लिहिली जाते. अरबी अक्षरे गेली, तरी तिच्यातले किताब, खबर वगैरे अरबी शब्द होते तिथेच आहेत.